बादली एकोणीस ते चोवीस

मंगळवार, ता. ४

प्रिय दादा,

पोहोचल्यावर टाकलेलं कार्ड मिळालं असेल. आज शाळेची सहल ऐनवेळी रद्द झाली आणि मला चक्क दोन तास रिकामे मिळालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टपालाचं सांगते, नाहीतर ‘उत्तर का नाही’ म्हणून डोक्यात राख घालशील. इथे फोनला रेंज नाही. माझं पत्र कुठल्याही सकाळी दूधवाल्याबरोबर बाहेर पडू शकतं, पण येणारं टपाल फक्त गुरुवारी, सामानाच्या गाडीतून, एका पिशवीत येतं. ती पिशवी उघडून ज्याचं त्याला वाटणं हे माझंच काम. इंटर्न म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं होतं ना? इंटर्न म्हणजे ज्या कामाला दुसरं कुणी नाही ते काम करणारी.

माझी खोली पूर्वी बियांचं कोठार होती. कपाटाच्या कप्प्यांवर अजून चिठ्ठ्या आहेत. माझे मोजे ‘बांबू’मध्ये असतात आणि तेलाची बाटली ‘रानफुलं, मिश्र’मध्ये. नऊ वाजता शाळेची बस येते. चाळीस मुलांना चाळीस भिंगं देते, तळ्याभोवती फिरवते, परत घेताना अडतीसच येतात, मग खिसे उलटे करायचे. दुपारी काचा पुसणं, पाट्या रंगवणं. बाबांनी शिकवलेला ब्रश धरायचा हात उपयोगी पडतोय, त्यांना सांग. केंद्राच्या प्रमुखांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्या मोजकं बोलतात आणि सगळं बघतात.

पण खरं काम पहाटे सहाचं, बादल्यांची फेरी. रस्त्याच्या एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला तळं. या दिवसांत बेडूक अंडी घालायला जंगलातून तळ्याकडे निघतात आणि वाटेत गाड्यांखाली जातात. म्हणून जंगलाच्या बाजूने गुडघ्याएवढं हिरव्या कापडाचं कुंपण लावलंय आणि त्याच्या पायथ्याशी चोवीस बादल्या जमिनीत काठोकाठ पुरल्यात. बेडूक कुंपणाला अडतो, कडेकडेनं चालतो, बादलीत पडतो. सकाळी मी हात ओले करून (कोरड्या हातानं त्याच्या कातडीला इजा होते) एकेकाला उचलते, मोजते, रस्ता ओलांडून तळ्यात सोडते आणि आकडा वहीत लिहिते. पहिल्या दिवशी एक बेडूक माझ्या तळहातावर बसून असा श्वास घेत होता की मला रडूच आलं. हस, हस.

आणि हे नुसतं पुण्यकर्म नाही. रस्तेखातं बेडकांसाठी रस्त्याखालून एक मोरी बांधून द्यायला तयार झालंय. एकच. ती कुठे बांधायची हे आमच्या वहीतल्या यंदाच्या आकड्यांवर ठरणार. २४ तारखेला त्यांच्या कचेरीत बैठक आहे. माझ्या हातच्या आकड्यांवर, दादा! एकदा मोरी झाली की वर्षानुवर्षं ते आपापले जातील.

काल एकविसाव्या बादलीत एक साप बसला होता, दोन बेडूक गिळून फुगलेला. मी हुसकावला. त्या टोकाला जायला जरा जिवावर येतं इतकंच, ते वळण आहे आणि झाडी दाट आहे. आईला साप सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

शनिवार, ता. ८

भिंगरे,

तुझं पत्र जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. साप गाळला. पण ‘रडूच आलं’ गाळायला विसरलो आणि आईनं घास खाली ठेवला. तिचं म्हणणं, पोरीला तिथे उपाशी ठेवतात. मी म्हटलं, अगं बेडकासाठी रडली. तर म्हणाली, बेडकासाठी कुणी रडतं का, दुसरं काहीतरी असणार. आता तूच निस्तर.

बाबांचं विचारू नकोस. पाच मजली इमारतीचं बाहेरून रंगकाम चालू आहे, आणि परातीवर (तो दोरानं लटकवलेला पाळणा, ज्याला ते परात म्हणतात) उभे राहून शेजारच्या रंगाऱ्याला सांगत असतात, की आमच्या घरातली पहिली पदवी आणि आता जंगलात साहेबीण. खाली उतरलं की वॉचमनला सांगतात. मी त्याच इमारतीच्या लिफ्टचं काम बघायला गेलो तर वॉचमननं मलाच सांगितलं, ‘त्या रंगारीबुवांची मुलगी फार मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे.’ मी म्हटलं, हो का!

सहा महिन्यांनी तुला कायम करतील ना? एक जागा आहे असं तू निघताना म्हणाली होतीस. ती सोडू नकोस. तू तिथे टिकलीस तर पुढे चुलतभावंडांनाही शिकवा म्हणायला तोंड राहील.

आता सापाचं. मी तुला लहानपणापासून ओळखतो. न्हाणीघरात साधी दोरी वेटोळं घालून पडलेली असली तर तू तीन दिवस आंघोळीला जायची नाहीस. तू हुसकावलास? साप? मला हे पत्र वाचताना घाम फुटला. बाईंना सरळ सांगायला काय होतं? लाजतेस. ठीक आहे, मी बघतो काय करायचं ते.

दादा

---

शुक्रवार, ता. १४

प्रिय दादा,

काल गुरुवारच्या पिशवीतून तुझं पत्र मिळालं. इथे सगळं छान आहे. साप पुन्हा दिसला नाही. तू काही ‘बघू’ नकोस, कृपा कर. न्हाणीघरातल्या दोरीला घाबरले तेव्हा मी सात वर्षांची होते.

बुधवारी एक मजा झाली. तळ्याकाठी मी नेहमीचं भाषण करत होते, की सापाला घाबरायचं नसतं, तो आपल्यालाच घाबरतो, शांत उभं राहायचं. तर पहिल्या रांगेतली एक फुटक्या गुडघ्याची मुलगी म्हणाली, ‘तुम्ही शांत उभ्या राहिलात का?’ मी म्हटलं, हो तर. ती म्हणाली, ‘कधी?’ सगळी पोरं हसली. मी पण हसले. स्वयंपाकाच्या मावशी दारातून बघत होत्या, त्या म्हणाल्या, ‘या पोरीला वकील करा.’

(संध्याकाळ. दूधवाला उद्याच येणार म्हणून पुढे लिहिते.)

दादा, वर जे लिहिलंय ते फाडणार होते. राहू दे. खालचं आईबाबांना वाचून दाखवू नकोस.

साप मी हुसकावला नाही. मी पळाले. बादली आणि वही रस्त्यात टाकून पळाले. मग परत येऊन वही उचलली आणि अठराव्या बादलीच्या पुढे गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तुला ते पत्र लिहून झाल्यावर, लांब काठीनं एकोणीस ते चोवीस या सहा बादल्यांवर झाकणं ढकलली. नियम आहे तसा. जी बादली बघता येणार नाही ती झाकायची, म्हणजे आत पडून कुणी मरत नाही. पण नियमाचा दुसरा अर्धा भाग बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: ‘शून्य म्हणजे मी पाहिलं आणि तिथे नव्हतं. आडवी रेघ म्हणजे मी पाहिलं नाही. दोन्ही चालतं. अदलाबदल चालत नाही.’

मी रेघ मारली नाही. रेघ दिसली असती तर बाईंनी विचारलं असतं, का नाही पाहिलंस? मी शून्य लिहिलं. आणि मनाला समजावलं की झाकण लावलेल्या बादलीत शून्यच असणार, म्हणजे खोटं कुठे आहे? दुसऱ्या दिवशी परत शून्य. मग रोज. उद्या नक्की जायचं असं ठरवून झोपायचं आणि सकाळी अठराव्यापाशी पाय थांबायचे. ४ पासून १३ पर्यंत, दहा सकाळी, सहा बादल्या. साठ शून्यं, दादा. माझ्या सुवाच्य अक्षरात.

आज बाईंनी बैठकीसाठी मोठा तक्ता केला आणि भिंतीवर लावला. आठव्या बादलीपाशी उंच काळा खांब. आणि एकोणीसपासून पुढे कागद जवळजवळ कोरा. त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘वळणावर सगळ्यात जास्त असायचे गेल्या वर्षापर्यंत. काय झालं असेल? त्या बाजूचं ओलं रान सुकलं असेल का?’ मला विचारलं, दादा. माझ्याकडे बघून विचारलं. आणि मी म्हटलं, ‘असेल.’

दहा दिवसांनी त्या तक्त्यावरून मोरी आठव्या बादलीपाशी ठरेल. ती एकदा बांधली की दुसरी कुणी बांधून देणार नाही. वळणावरचे बेडूक कायमचे गाड्यांखाली. आणि मी हे सांगितलं तर माझी ती एक जागा गेली, बाबांची साहेबीण गेली. जेवण उतरत नाहीये. तक्ता जेवायच्या खोलीतच लावलाय.

काय करू? लवकर लिही. लवकर म्हणजे गुरुवारच, माहीत आहे मला.

भिंगरी

---

सोमवार, ता. १७

भिंगरे,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. कामावरूनच लिहितोय, मशीनच्या खोलीत उभा राहून, अक्षर लागलं तर बघ.

आधी रडणं थांबव. मग ऐक. गप्प राहा. मला माहीत आहे तुला हे आवडणार नाही. बेडकांची मोरी आठव्या बादलीपाशी झाली काय किंवा विसाव्या, मोरी होतेय ना? काही बेडूक तरी वाचतील. तू सांगितलंस तर तुझी जागा जाईल, आणि बाईंचा तुझ्यावरचा विश्वास जाईल तो वेगळा. आजपासून धीर करून सहाच्या सहा बादल्या बघ, खरे आकडे लिही. मागचं मागे.

तुला वाटेल दादाला काय कळतं. कळतं. आमच्याकडे दर महिन्याला लिफ्टच्या कार्डावर बारा खुणा करायच्या असतात. बारावी म्हणजे खाली खड्ड्यात उतरून स्प्रिंगा बघणं. खड्ड्यात पाणी साचलेलं असलं की मी उतरत नाही. खूण करतो. सात वर्षं. काहीही झालेलं नाही. सगळं जग असंच चालतं, तूच एकटी पापी नाहीस.

आता दुसरी गोष्ट, आणि ही वाचताना बसून घे. मी एक गाढवपणा केलाय. मला तुझ्या त्या पहिल्या पत्रानं चैन पडत नव्हतं. तर परवा शनिवारी, तुझं हे पत्र यायच्या आधी, मी तुझ्या बाईंना पत्र टाकलं. सहजच. की माझी बहीण कामाला वाघ आहे पण तिला सापांची फार भीती वाटते, ती कधी बोलणार नाही, ३ तारखेला वळणाकडच्या बादलीत साप निघाल्यापासून तिला तिकडे जायला जिवावर येतं, तरी कृपया ते टोक दुसऱ्या कुणाला द्यावं. असं. तारीख आणि बादलीसुद्धा लिहिली, शहाणपणानं.

ते पत्र आणि हे पत्र दोन्ही गुरुवारच्या पिशवीतून येतील. टपाल तूच वेगळं करतेस ना? निळं लांबट पाकीट आहे, पत्ता माझ्या अक्षरात. ते काढून घे. उघडू नकोस, वाचू नकोस, चुलीत टाक. माझं पत्र आहे, मीच सांगतोय, म्हणजे चोरी नाही.

दादा

---

शनिवार, ता. २२

अगं,

पिशवी परवा पोहोचली असणार. पाकीट मिळालं का? दूधवाला रोज जातो म्हणतेस, मग माझ्याकडे अजून एक ओळ का नाही? तुझं पत्र टपालात असेल म्हणून स्वतःची समजूत घालतोय. काल एका इमारतीत लिफ्टचं दार उघडं ठेवून मी वर निघून गेलो, मदतनीस ओरडला म्हणून बरं. लक्षच नाही.

बाबा विचारत होते, बैठकीला भिंगरी पण जाणार का? त्यांना वाटतं तुझा सत्कार आहे. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

नकोच असेल तर सरळ निघून ये. घर आहे. तब्येत बरी नाही असं सांगू सगळ्यांना.

दादा

---

शुक्रवार, ता. २१

प्रिय दादा,

काल पिशवी साडेअकराला आली. आधी तुझं मला आलेलं पाकीट हाताला लागलं. मशीनच्या तेलाचा ठसा आहे त्यावर. मी सामानाच्या गाडीच्या मागे उभी राहून वाचलं. मग पिशवीत हात घातला, तर निळं पाकीट बियाणांच्या सूचीपत्राच्या आत अडकलेलं होतं.

खरं सांगते, मी ते पदराआड केलं. म्हणजे ओढणीआड. स्वयंपाकघरापर्यंत नेलं. मावशी पोळ्या करत होत्या, तवा तापलेला, आणि त्या म्हणाल्या, ‘काय गं, भूत बघितल्यासारखी? प्रेमपत्र आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही, दादाचं आहे.’ त्या म्हणाल्या, ‘मग इतकी काय लपवतेस? भाऊ लोक काय लिहितात, जेवलीस का अन् केस विंचर.’ मला हसू आलं, आणि हसता हसता असं झालं की आता हेही केलं तर उद्या सकाळी आणखी काहीतरी करावं लागेल, परवा आणखी. शून्यासारखं.

मी निळं पाकीट इतर टपालाबरोबर बाईंच्या टेबलावरच्या पेटीत ठेवलं. बाई एका शाळेला फोन लावायला टेकडीवर गेल्या होत्या. तासाभरात येणार होत्या. तुला वाटेल, तिनं धीर केला. धीर कसला. त्या तासात मला कळत होतं की त्या आधी पाकीट उघडतील तर मी सांगायच्या आत पकडली जाईन, आणि मग मी जे सांगेन ते सगळं पकडल्यावरचं होईल. मला पहिलं बोलायचं होतं. यात सचोटी किती आणि घाई किती, मला माहीत नाही. मी वही घेऊन फाटकापाशी जाऊन उभी राहिले.

बाई आल्या. मी म्हटलं, ‘एकोणीस ते चोवीसची शून्यं खोटी आहेत. ती रेघ पाहिजे होती.’

‘किती दिवसांची?’

‘४ ते १३. १४ला रेघ मारली आणि संध्याकाळी झाकणं काढली. त्यानंतर खरं मोजलंय. त्यात बेडूक आहेत. काल अकरा होते.’

‘मला दिसलं ते,’ बाई म्हणाल्या. ‘४ ते १३ एकही नाही आणि १५ला चौदा. मी चार दिवस वाट बघत होते.’

दादा, त्यांना माहीत होतं! रोज जेवताना त्या तक्त्यासमोर बसून मला भाजी वाढत होत्या.

मी साप सांगितला. त्या म्हणाल्या, ‘वहीत शेवटचा रकाना कशाचा आहे?’ मी म्हटलं, शेरा. ‘त्यात एवढंच लिहायचं होतं, साप, घाबरले, गेले नाही. तुझ्या आधीच्या मुलीनं दोनदा लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय. भीतीला जागा आहे वहीत. तू ती खोट्या आकड्यात भरलीस.’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, ‘आणखी काही?’

होतं. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. १२च्या पहाटे, जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, दूधवाला येऊन म्हणाला होता, ‘ताई, वळणावर रस्ता बेडकांनी भरलाय, चाक घसरतंय.’ बादल्या मी झाकल्या होत्या ना. ते कुंपणाच्या कडेनं चालत गेले असणार, टोकापर्यंत गेले आणि तिथून रस्त्यावर. शाळेची बस नऊला येणार होती. मी खुरपं आणि पत्र्याचा डबा घेऊन गेले. तेव्हा सापाची भीती वाटली नाही, बघ. सगळे खरवडून काढले आणि खड्डा करून पुरले. एक्केचाळीस. मोजायची सवय लागली होती म्हणून मोजले. वहीत लिहिले नाहीत.

बाई खाली बसल्या, फाटकाच्या पायरीवरच. मग वही उघडून माझ्यासमोर धरली. ‘१२ तारीख काढ. लिही. उशिरा केलेली नोंद असंही लिही. सही कर.’ मग साठ शून्यांवर एकेक रेघ मारायला लावली, प्रत्येकीशेजारी सही. हात दुखला.

२४च्या बैठकीत हे मी स्वतः सांगायचं आहे. बाईंनी विचारलं नाही, सांगितलं.

तुझं निळं पाकीट त्यांनी संध्याकाळी वाचलं. मला परत दिलं आणि म्हणाल्या, ‘भावाला कळव की पोहोचलं.’ म्हणून कळवते.

आणि दादा, ते बाराव्या खुणेचं तू मला सांगायला नको होतंस. मला आता त्या इमारतीतली माणसं दिसतात, पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये चढणारी.

भिंगरी

---

मंगळवार, ता. २५

प्रिय दादा,

तू मध्ये काही लिहिलं असशील तर ते परवाच्या गुरुवारी हातात पडेल, पण तुझी काय घालमेल झाली असेल ते न वाचता कळतं. माझं २१चं आता मिळालं असेल.

काल बैठक झाली. लांबट खोली, पंख्याचा आवाज, टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. रस्तेखात्याचे अभियंते वयस्कर आहेत, चष्मा कपाळावर ठेवून वाचतात. बाईंनी तक्ता पसरला आणि म्हणाल्या, ‘यातल्या एका भागाबद्दल आमच्या इंटर्नला बोलायचंय.’

खोलीत पाठ केलेलं सगळं विसरले. उभी राहिले आणि म्हटलं, ‘वळणाकडचे दहा दिवसांचे आकडे नाहीत, कारण मी मोजले नाहीत आणि मोजले असं लिहिलं. त्या दिवसांत एका सकाळी तिथे एक्केचाळीस मेलेले सापडले. १५पासूनचे खरे आहेत आणि ते आठव्या बादलीपेक्षा जास्त आहेत.’

अभियंत्यांनी चष्मा खाली घेतला. ‘म्हणजे मोरी वळणावर पाहिजे असं म्हणायचंय?’

बाई म्हणाल्या, ‘आमचा अंदाज तसा आहे.’

‘अंदाजावर मी रस्ता खोदू शकत नाही, बाई. तुम्हीच मला गेल्या वर्षी हे म्हणाला होतात.’ मग माझ्याकडे वळून, रागानं नाही, म्हणाले, ‘पुढच्या हंगामाचे पूर्ण आकडे आणा. यंदा आठव्यापाशीही बांधत नाही. अर्धवट वहीवर एकच मोरी घालवण्यात अर्थ नाही.’

म्हणजे यंदा कुठेच नाही, दादा. मी गप्प बसले असते तर निदान आठव्यापाशी झाली असती. तू हेच लिहिलं होतंस. परतीच्या गाडीत मी सारखा हिशेब करत होते, की एका वर्षात किती, आणि बाईंना म्हटलं, ‘मी सांगितलं म्हणून गेली मोरी.’ बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, ‘लिहिलंस म्हणून गेली. सांगितलंस म्हणून चुकीच्या जागी झाली नाही.’ मला हे अजून पटतंय असं नाही. रात्री वेगळं वाटतं, सकाळी वेगळं.

जागेचं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, कायमची जागा मला मिळणार नाही. वही तर या हंगामात माझ्या हातात देणारच नाहीत. प्रमाणपत्र देतील, त्यात काय लिहायचं ते सहा महिने पूर्ण झाल्यावर ठरवतील. जायचं असेल तर गुरुवारच्या गाडीनं जा म्हणाल्या. राहायचं असेल तर बादल्या तुझ्याच, चोवीसच्या चोवीस, आणि आकडा मावशी लिहितील.

मी राहतेय. आज पहिली फेरी झाली. मावशी वही काखेत मारून, शाल गुंडाळून, रस्त्याच्या मधोमध उभ्या. मी बादलीत वाकले की त्या ओरडतात, ‘काय लिहू? शून्य की रेघ?’ मी म्हणते, ‘सात!’ तर म्हणतात, ‘दाखव.’ मग एकेक बेडूक वर धरून दाखवावा लागतो. विसाव्या बादलीपाशी माझे हात इतके थरथरत होते की बेडूक दोनदा निसटला. मावशी म्हणाल्या, ‘शेऱ्यात लिहू का, हात थरथरतात?’ मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं.

आता एक काम कर. हे पत्र बाबांना आणि आईला वाचून दाखव. २१चं पण. सगळी पानं. तू गाळतोस ते मला माहीत आहे आणि आतापर्यंत मला ते सोयीचं होतं. मी तिकडे येऊन तोंडानं सांगेन असं आधी ठरवलं होतं, पण तोवर बाबा आणखी किती जणांना सांगतील? दर दिवशी परातीवरून एकेक मजला खाली येत असतील ते.

तुझी,
भिंगरी

---

शुक्रवार, ता. २८

भिंगरे,

काल वाचलं. दोन्ही पत्रं, सगळी पानं. ते बाराव्या खुणेचं वाक्यसुद्धा वाचलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं फक्त. त्यावर आमचं बोलणं वेगळं झालं, ते तुला लिहीत नाही.

आई ‘एक्केचाळीस’पाशी उठून आत गेली. रात्री जेवली नाही. आज सकाळी मला म्हणाली, ‘घरी बोलवून घे तिला, कशाला त्या रानात अपमान सोसतेय.’ मी म्हटलं, तिलाच लिही. तर म्हणाली, लिहीन. अजून लिहिलेलं नाही. तुला खोटं कशाला सांगू, ती दुखावलीय. तुझ्यावर की त्या बाईंवर, तिचं तिलाही कळत नसावं.

बाबा नखांतला रंग चिंधीनं काढत बसले होते. ‘कायमची जागा मिळणार नाही’ हे आलं तेव्हा मी थांबलो. ते म्हणाले, ‘पुढे वाच.’ वाचलं. संपल्यावर त्यांनी चिंधीची घडी घातली. मग म्हणाले,

‘म्हणजे तिला ठेवणार नाहीत.’

‘नाही.’

‘आणि त्या बादल्या?’

‘हंगाम संपेपर्यंत तीच बघणार.’

‘त्या वळणावरच्या?’

‘त्या पण. चोवीसच्या चोवीस.’

‘साप आहे ना तिथे?’

‘आहे.’

बाबा उठले. झोपायला गेले. मला वाटलं, खचले. माझा स्वतःचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, की आता ते परातीवर कसे चढणार, त्या रंगाऱ्याला काय सांगणार. म्हणून आज माझं काम नसताना मी त्या इमारतीवर गेलो. ते आता दुसऱ्या मजल्यावर आलेत, खालून बोलणं ऐकू येतं. शेजारचा रंगारी नेहमीप्रमाणे म्हणाला, ‘काय मग, साहेबीण काय म्हणते?’

बाबांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला. म्हणाले, ‘साहेबीण नाही. बेडूक मोजते.’

तो हसला. ‘बेडूक? पदवी घेऊन?’

‘हो. मध्ये चुकीचे मोजले होते. आता बरोबर मोजते,’ बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे वळून रंग लावायला लागले.

दादा